शस्त्रक्रियेच्या वेळची नळी : एक संकोचाचा विषय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना चिटणिसांनी एक प्रेमळ अट घातली होती. विषय असा असावा की, श्रोत्यांना तो घरी गेल्यावरही उपयोगी पडेल. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब या विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे. म्हणून आम्ही असा विषय निवडला आहे की, ज्याचे नाव काढताच चारचौघांत माणसे खाली पाहू लागतात. शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्राशयात जी नळी घातली जाते, जिला रुग्णालयात कॅथेटर आणि आपल्या घरांत ‘लघवीची नळी’ म्हणतात, तिच्यापासून होणारे उपद्रव आणि ते टाळण्याचे उपाय, हा आजचा विषय होय.

तीस-पस्तीस वर्षे शल्यचिकित्सक म्हणून दिल्लीत काढल्यानंतर ज्ञानाचा मोठेपणा मिरवण्याची हौस आता उरलेली नाही. म्हणून आरंभ आमच्या स्वतःच्या घरातील एका चुकीपासून करतो.

गोष्ट १९९९ सालची. आमचे काका दिवाळीसाठी मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरले. वय चौऱ्याहत्तर, प्रकृती काटक, हिंदी मात्र कामापुरतीही नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. ओघानेच शस्त्रक्रिया आली. आम्ही त्या दिवशी आमच्या रुग्णालयात अडकून पडलो होतो. काकांना दुसऱ्या एका रुग्णालयात दाखल केले होते आणि त्यांच्याजवळ आमची पत्नी होती. तेथील तरुण डॉक्टर प्रश्न विचारीत होते हिंदीत, पत्नी ते मराठीत सांगत होती आणि काकांची उत्तरे पुन्हा हिंदीत जात होती. दमा आहे का? नाही. रक्तदाब? थोडा. मग प्रश्न आला, ‘पेशाब की कोई तकलीफ?’ पत्नीने विचारले, ‘काका, लघवीचा काही त्रास?’ काका म्हणाले, ‘छे, छे, काही नाही.’

वस्तुतः त्रास होता, आणि तो चाळीस वर्षांपासूनचा होता. तरुणपणी विहिरीच्या कठड्यावर ते पाय फाकून आदळले होते. मूत्रमार्गाला इजा झाली होती आणि बरी होताना तेथे व्रण राहून मार्ग अरुंद झाला होता. लघवीची धार बारीक, वेळ फार, जोर लावावा लागे. हे सारे त्यांनी आयुष्यभर निमूटपणे सोसले. सुनेसमोर ते सांगणार कसे?

पाठीत सुई देऊन त्यांचा कमरेखालचा भाग बधिर करण्यात आला आणि मग नळी घालण्यास सुरुवात झाली. पहिली नळी जाईना. दुसऱ्यांदा जोर केला तेव्हा रक्त आले. अखेर बारीक नळी गेली, हाड बसवले गेले आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचा निरोप आम्हांस मिळाला. त्या रात्री दोनच्या सुमारास काकांना जाग आली. नळी मूत्राशयात असली की लघवी आपोआप वाहत असते; पण त्या नळीच्या टोचणीने रुग्णाला मात्र सारखे वाटत राहते की, आता लघवीला गेलेच पाहिजे. काका ‘मला लघवीला जायचंय’ असे मराठीत सांगू लागले. रात्रपाळीची परिचारिका केरळची. तीही घरापासून दूर आलेली आणि हिंदी तिनेही इथेच शिकलेली. ‘नली लगी है, बाबा, सो जाओ’ असे ती मायेने म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली. औषधांची गुंगी, अनोळखी जागा आणि वय यांनी काका भ्रमात गेले होते. त्यांनी हाताला लागलेली नळी धरली आणि ओढून काढली. नळीच्या टोकाचा पाण्याने भरलेला फुगा तसाच होता.

पुढचे वर्णन करीत नाही. रक्तस्राव दोन दिवसांत थांबला. पण आधीच अरुंद असलेला मूत्रमार्ग चार महिन्यांत जवळजवळ बंद झाला. दोन महिन्यांसाठी आलेले काका आठ महिने दिल्लीत राहिले, आणि मिरजेला परतल्यावरही हयातभर दर काही महिन्यांनी त्यांना मूत्रमार्ग रुंद करून घ्यावा लागला. एकदा आम्ही त्यांना विचारले, ‘काका, आधी सांगितलं का नाही?’ ते म्हणाले, ‘तुझ्या बायकोपुढं कसं सांगणार रे? तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.’ या उत्तरावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. शेकडो रुग्णांना हा प्रश्न विचारणारे आम्ही. घरच्या माणसाला विचारावयाचे राहून गेले.

आता या नळीविषयी थोडेसे. तिचा इतिहास आपल्याकडेही जुना आहे. सुश्रुतसंहितेत शिश्नाग्राची त्वचा आवळून लघवी अडते त्या विकारावर एक उपाय सांगितला आहे : लोखंडाची, लाकडाची अथवा लाखेची दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी तुपाने माखून बसवावी आणि दर तीन दिवसांनी थोडी अधिक जाड नळी घालावी. तुपाने माखणे आणि धीराने, पायरीपायरीने जाणे ही जी दोन तत्त्वे त्यात आहेत, ती आजही तितकीच खरी आहेत. आज सर्वत्र वापरली जाणारी फुग्याची नळी अमेरिकेतील सेंट पॉल येथील मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३०च्या दशकात पुढे आणली, आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. नळीची जाडी ‘फ्रेंच’ या मापात मोजतात. पॅरिसचे शस्त्रकार शारिएर यांच्या प्रमाणावरून ते आले. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. तेव्हा सोळा क्रमांकाची नळी म्हणजे सुमारे ५.३ मिलिमीटर जाडीची. नळी मूत्राशयात पोहोचली की टोकाजवळचा फुगा साधारणतः १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्याने भरतात, म्हणजे ती निसटत नाही.

ही नळी वैद्यकाची शत्रू आहे असे कोणी समजू नये. शस्त्रक्रिया लांबणार असेल, शिरेतून भरपूर द्रव द्यावयाचा असेल, तर मूत्रपिंडे नीट काम करीत आहेत की नाहीत हे तासातासाला मोजावे लागते. प्रौढ माणसाला दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी, असा साधारण हिशेब असतो. गर्भाशयाच्या अथवा ओटीपोटातील शस्त्रक्रियेत मूत्राशय रिकामे नसेल तर त्यालाच सुरी लागण्याचे भय असते. म्हणूनच सिझेरियनच्या वेळी नळी घालण्याचा प्रघात आहे. या सर्व ठिकाणी नळी जीवरक्षक आहे. प्रश्न उपस्थित होतो तो तीन ठिकाणी : नळी घालताना, नळी राहिली असताना आणि नळी गरज नसताना तशीच राहू दिली असताना.

प्रथम, घालतानाचे उपद्रव. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांब आणि सरळ असतो. पुरुषाचा १८ ते २० सेंटिमीटर, वळणावळणाचा, आणि त्यावर पौरुषग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, वेढा असतो. उतारवयात ही ग्रंथी वाढते आणि वाट अडवते. तेथे जोर केला तर नळी खरी वाट सोडून मांसात खोटी वाट पाडते. याहून वाईट चूक म्हणजे नळी मूत्राशयात पोहोचण्यापूर्वीच, मूत्रमार्गातच, फुगा भरणे. शुद्धीवरचा रुग्ण त्या क्षणी ओरडतो. परंतु भूल दिलेला अथवा कमरेखाली बधिर केलेला रुग्ण ओरडू शकत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या वेळची नळी म्हणूनच अधिक जपून घालावी लागते. यासाठी नियम आहे : पुरुष रुग्णात नळी पूर्ण आत जाऊ द्यावी, लघवी वाहताना डोळ्यांनी पाहावी आणि मगच फुगा भरावा. नळी अडली तर पुनःपुन्हा प्रयत्न करू नयेत. टोकाला बाक असलेली नळी वापरून पाहावी अथवा मूत्ररोगतज्ज्ञास बोलवावे. क्वचित प्रसंगी ओटीपोटातून सुईने मूत्राशयापर्यंत स्वतंत्र वाट करावी लागते. ती भीतीदायक वाटली तरी फाटलेल्या मूत्रमार्गापेक्षा बरी.

आणखी एक लहानशी गोष्ट, जिच्या विसराने मोठा त्रास होतो. नळी घालताना पुरुषाच्या शिश्नाग्रावरील त्वचा मागे सारावी लागते. काम झाल्यावर ती पुन्हा पुढे आणली नाही तर काही तासांत तेथे सूज येते आणि रक्तप्रवाह आवळला जातो. भूल उतरल्यावर रुग्णाला दुखते. पण तो लाजेने बोलत नाही. तेव्हा घरच्यांनीच हे जाणून असावे.

दुसरा उपद्रव संसर्गाचा. पूर्वी नळीचे दुसरे टोक उघड्या बाटलीत सोडीत, आणि चार दिवसांत बहुतेक प्रत्येकाची लघवी जंतूंनी भरून जाई. १९६०च्या दशकात बंद पिशवीची पद्धत रूढ होऊ लागली आणि मोठा फरक पडला. तरीही नळी राहिलेल्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू शिरण्याचा संभव शेकडा ३ ते ७ इतका मानला जातो. जंतू नळीच्या पृष्ठभागावर बुळबुळीत थर करून बसतात आणि त्या थराआड औषधेही पोहोचत नाहीत.

या संदर्भात आपल्या शहराच्या नावाची एक कटू आठवण सांगावी लागते. २००८ साली स्वीडनमधील भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत असे जंतू सापडले की, ज्यांना प्रतिजैविकांतील अत्यंत प्रभावी औषधेही लागू पडेनात. हा गृहस्थ त्यापूर्वी नवी दिल्लीत रुग्णालयात राहिला होता. त्या जंतूंतील औषध निकामी करणाऱ्या द्रव्यास ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असे नाव देण्यात आले. नावावरून आपल्या देशात वाद झाला आणि तो समजण्यासारखा आहे. पण पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत त्याचे जनुक आढळले. तात्पर्य हे की, ज्या शहरात असे जंतू आहेत, तेथे जंतूंना शरीरात शिरण्यासाठी उघडी ठेवलेली वाट एक दिवसही जास्त उघडी राहता कामा नये. दुसरे असे की, नळी असताना ताप अथवा वेदना नसताही केवळ लघवीच्या तपासणीत जंतू दिसले म्हणून प्रतिजैविकांचा आग्रह धरू नये. गर्भवती स्त्री किंवा मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेस जाणारा रुग्ण यांची गोष्ट वेगळी. एरवी अशी औषधे रुग्णाचे भले करीत नाहीत, जंतूंना मात्र शिकवून शहाणे करतात.

तिसरा उपद्रव विसरभोळेपणाचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा. शस्त्रक्रियेच्या गडबडीत घातलेली नळी काढण्याची आठवण कोणाला राहत नाही. डॉक्टर समजतात परिचारिका काढील, परिचारिका वाट पाहते डॉक्टरांच्या आज्ञेची, आणि नातेवाईकांना वाटते, अंथरूण ओले होत नाही, रात्री उठवावे लागत नाही, राहू द्या आणखी दोन दिवस! सोयीसाठी ठेवलेली नळी ही सोय नव्हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ साली स्पष्ट शिफारस केली की, शस्त्रक्रियेच्या रुग्णाची नळी लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत काढावी. योग्य कारण असेल तरच ती पुढे ठेवावी. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० साली संसर्गप्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही या नळीच्या संसर्गाचा स्वतंत्र विचार आहे. नियम आहेत; त्यांची आठवण करून देणारा माणूस खाटेजवळ हवा.

तो माणूस म्हणजे आपण. आणि विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिल्लीतीलच एका प्रकरणात निकाल देताना सांगितले की, रुग्णाची संमती ही खरी संमती असली पाहिजे. उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय आणि त्यातील मोठे धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली असली पाहिजे. आता संमतिपत्रावर ‘कॅथेटर’ हा शब्द कुठे तरी बारीक अक्षरांत असतो अथवा नसतोही. म्हणून आपणच सौम्यपणे विचारावे. आमचा अनुभव असा की, विनयाने विचारलेल्या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरास राग येत नाही. किंबहुना त्याला मदतच होते.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली : शस्त्रक्रियेपूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना लघवीविषयी एकांतात विचारावे, आणि ज्याच्यापुढे त्यांना संकोच वाटणार नाही अशाने विचारावे. पुरुषाला मुलाने, जावयाने अथवा मित्राने; स्त्रीला लेकीने किंवा बहिणीने. धार बारीक आहे का, रात्री किती वेळा उठावे लागते, पूर्वी कधी नळी घातली होती का, त्या जागी मार लागला होता का, रबराची अ‍ॅलर्जी आहे का. उत्तरे कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा. नळी बहुधा रबराच्या चिकापासून केलेली असते. अ‍ॅलर्जी असणाऱ्यास सिलिकॉनची घालता येते.

दुसरी : रुग्णाला शुद्धीत असतानाच समजावून सांगावे की, ‘जागे झाल्यावर लघवी लागल्यासारखे वाटेल, ती नळीमुळे वाटते, लघवी आपोआप होते आहे, नळीला हात लावायचा नाही. फार त्रास झाला तर सांगा, त्यावर औषध असते.’ हे वाक्य रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. मराठीखेरीज दुसरी भाषा न येणारे वडीलधारे माणूस असेल तर पहिल्या रात्री मराठी बोलणारे कोणी तरी जवळ हवेच. आमच्या काकांना एवढे एक वाक्य कोणी सांगितले असते तर ती रात्र टळली असती.

तिसरी : लघवीची पिशवी सदैव मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकलेली नसावी. खाटेवरून हलवताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवू नये. नळी पिळू देऊ नये, पिशवीपासून वेगळी करू नये, हात धुतल्याशिवाय स्पर्श करू नये. पिशवीत रक्त दिसले, कित्येक तास लघवी उतरली नाही, ओटीपोट फुगले, थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ कळवावे.

चौथी : दररोज सकाळी फेरीच्या वेळी एकच प्रश्न विचारावा, ‘डॉक्टरसाहेब, नळीची आज गरज आहे का?’ आणि नळी काढल्यावर सहा-आठ तासांत लघवी झाली की नाही इकडे लक्ष ठेवावे. भुलेच्या परिणामाने अथवा वेदनाशामकांमुळे ती अडू शकते; अशा वेळी पोटावरून सोनोग्राफी करून किती साठली आहे ते पाहता येते आणि एकदाच नळी घालून मूत्राशय रिकामे करता येते. पुढील काही महिन्यांत धार बारीक होऊ लागली तर वयाला दोष देऊन स्वस्थ बसू नये, मूत्ररोगतज्ज्ञास दाखवावे.

बंधुभगिनींनो, पहाडगंज आणि करोलबागेतील लहान खोल्यांत आपल्या वडिलांच्या पिढीने संसार मांडले, तेव्हा कोणी रुग्णालयात पडले की मंडळाचे कार्यकर्ते पाळीपाळीने रात्रीची सोबत करीत. आता आपण गुरुग्राम, नोएडा, द्वारका असे विखुरलो आहोत. गावाकडचे आईवडील उपचारासाठी मुलांकडे येतात आणि मुले कामावर असतात. खाटेवरच्या म्हाताऱ्याला आपली भाषा बोलणारे कोणी भेटत नाही. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत नाटके आणि गणेशोत्सव होतीलच. त्यांच्या जोडीने शस्त्रक्रियेच्या रुग्णाजवळ पहिली रात्र बसणाऱ्या मराठी स्वयंसेवकांची एक यादी मंडळाने करावी, अशी आमची नम्र सूचना आहे. त्या यादीत पहिले नाव आमचे लिहावे. वय झाले आहे, तरी खुर्चीवर बसून ‘काका, नळी लावलेली आहे, ओढू नका’ एवढे सांगण्याइतकी शक्ती अजून आहे.